सडा टाकलेली जागा

नोकरीतलं बरंच काही विसरलो, पण एका रविवारची घटना अजून डोळ्यापुढून हलत नाही. खून नव्हता, दरोडा नव्हता. ठाण्याच्या दप्तरात ते प्रकरण एका ओळीत मिटलं, 'इसम मिळून आला'. तरी कुणी विचारलं की जमादार, एखादी केस सांगा, तर मला हीच आठवते.

मी शिपाई म्हणून भरती झालो आणि सहायक फौजदार म्हणून रिटायर झालो. शिक्षण सातवी. साधं लिहितो, तसंच वाचा. नावं कुणाचीच लिहीत नाही, कारण त्यातली बरीच माणसं अजून त्याच गल्लीत राहतात.

शहराचं नाव तेव्हा औरंगाबाद होतं. आमच्या हद्दीत नाल्याच्या काठाला एक वस्ती होती. नळाला पाणी कधी येईल याचा भरवसा नाही, नाल्यावर कचऱ्याचा ढीग, आणि अंधार पडला की कुणाची तरी बायको रडत ठाण्यात. ठाणे अंमलदाराला त्या वस्तीच्या तक्रारी तोंडपाठ झाल्या होत्या.

तिथं एक भजनी मंडळ उभं राहिलं. पत्र्याच्या शेडमध्ये विठ्ठलाची मूर्ती, एक मृदंग, टाळ. मंडळाचे बुवा एसटीत ड्रायव्हर होते, रिटायर झालेले. बोलायला कमी, कामाला पुढं. रविवारी सकाळी गडी-बाया फावडी, टोपल्या, झाडू घेऊन निघायचे आणि अभंग म्हणत साफसफाई करायचे. कचऱ्याचा ढीग त्यांनी हातानं उचलला. नाला मोकळा केला. पाणी यायच्या दिवशी हंड्यांची रांग लावली आणि नियम केला की जो भांडेल त्याचा हंडा शेवटी. महापालिकेला जे जमलं नाही ते त्यांना जमलं. आमचाही त्रास कमी झाला, हे मी खरं सांगतो.

त्यांचं मोठं काम म्हणजे दारू सोडवणं. एकादशीला पिणाऱ्याला मंदिरात आणायचं, बायकोच्या समोर बुवांनी त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घालायची. माळ घातली की दारू बंद, मटण बंद. मग सगळी गल्ली त्याच्यावर लक्ष ठेवायची. आणि दर एकादशीला माईक हातात घेऊन त्यानं उभं राहायचं आणि सांगायचं, मी असा होतो, असं असं केलं, आता सुटलो. ऐकून बाकीचे पिणारे यायचे. अशी कितीतरी घरं सुधारली.

त्यातला पहिला माळवाला सेंट्रिंगचं काम करायचा. मूळचा अजिंठ्याच्या डोंगराकडचा, घरची मेंढरं, लहानपणी शहरात आलेला. पूर्वी एवढा प्यायचा की मीच त्याला गटारीतून उचलला होता. माळ घातल्यावर माणूस बदलला. मंडळ त्याला दुसऱ्या वस्त्यांतही न्यायचं, सांगायला. त्याचं ऐकून तिकडंही लोकांनी माळा घातल्या.

हा माणूस एक दिवस घरी आलाच नाही.

बायको ठाण्यात आली. मिसिंगची नोंद घेताना मी विचारलं, "भांडण झालं होतं का?"

"नाय साहेब. आता कशाचं भांडण? आता ते देवमाणूस झालेत."

बोलताना तिचा चेहरा काही खुलला नाही. ते माझ्या ध्यानात आलं, पण त्याचा अर्थ तेव्हा लागला नाही.

फोन घरीच ठेवून गेला होता. कामाच्या साइटवर नाही, दवाखान्यात नाही. मग आमच्या खबऱ्यानं, म्हणजे वस्तीच्या तोंडाशी पानटपरी होती त्या माणसानं, बोलावून घेतलं.

"जमादार, माळवाला आक्काच्या दारात होता त्या सांजंला. लई बोलली त्याला. ढकललाच तिनं. माझ्या डोळ्यानं पाह्यलं."

"मग पुढं?"

"पुढं गिऱ्हाईक आलं. पुढचं नाय पाह्यलं."

खबऱ्या पाहिलं तेवढंच सांगतो. पुढचं आपण जोडतो आणि तिथंच घोटाळा होतो.

आक्का म्हणजे वस्तीतली हातभट्टीवाली. विधवा बाई, नाल्याच्या कडेला पत्र्याचं खोपट, त्यातच घर आणि त्यातच धंदा. मंडळानं गिऱ्हाईक तोडलं तरी ती हलली नव्हती. तिच्या खोपटापाशी आम्हाला एक चप्पल सापडली, अंगठा तुटलेली. बायकोनं ओळखली. पंचनामा केला. पंच वस्तीतलेच होते. संध्याकाळ व्हायच्या आत गल्लीभर झालं की आक्कानं माळवाल्याला मारून नाल्यात टाकला. आम्ही नाला शोधला. काही नव्हतं. पण लोकांना चप्पल पुरली.

सूर्य मावळल्यावर बाईमाणसाला ठाण्यात आणायचं नाही, असा नियम. म्हणून आक्काला दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं. तो रविवार होता.

ती आली तेव्हा मंडळाच्या म्हाताऱ्या बाया गेटबाहेर येऊन बसल्या होत्या. घोषणा नाही, शिव्या नाहीत. टाळ वाजवत अभंग. मोठे साहेब मला म्हणाले, "जमादार, दगड मारणाऱ्यांना हटवता येतं. यांना काय करू? आज काहीतरी निष्पन्न करा."

महिला शिपाई शेजारी बसवली आणि जबाब घ्यायला लागलो.

"तो त्या दिवशी आला होता?"

"आल्ता की."

"पाजलीस?"

"नाय."

"आक्का, मी तुला नवीन नाही."

"मी बी तुम्हाला नवीन नाय, जमादार. माझे किती डबे फोडले तुम्ही. कधी खोटं बोलले का? डबा कुठंय म्हणलं की हात करून दावला."

हे खरं होतं. धाडीत ती कधी पळाली नाही, कधी पाया पडली नाही. उलट एकदा आमच्या शिपायाला म्हणाली होती, हळू फोड बाबा, पायाला पत्रा लागंल.

"मग का दिली नाहीस?"

"गळ्यात माळ व्हती त्याच्या. म्हणलं आधी बुवाला इचारून ये. रडाया लागला. पाया धराया लागला. माळवाल्याला पाजून मी कुठं फेडू ते? मला बी देव हाय. ढकलला. पडला, चप्पल तुटली. उठला अन् गेला."

"कुठं?"

"चौकात सरकारमान्य दुकान हाय की. तिथं गळा कोण बघतंय."

महिला शिपायाला हसू आलं. आक्का हसली नाही. बाहेरच्या अभंगाकडं कान देऊन म्हणाली, "ती उंच आवाजाची हाय ना, ती माझी शेजारीण. चांगलं म्हणती."

मी शिपाई पाठवून देशी दारूच्या दुकानात खात्री करून घेतली. तो त्या संध्याकाळी तिथं आला होता, प्याला होता, आपल्या पायानं गेला होता. साहेबांना सांगितलं. साहेब म्हणाले, जबाबावर अंगठा घ्या आणि सोडून या. बाहेरच्या बाया तोवर उठून वस्तीत गेल्या होत्या. त्यांना कसं समजवायचं या काळजीत मी आक्काला आणि महिला शिपायाला रिक्षात घालून वस्तीकडं निघालो.

खोपट नव्हतं.

आक्का ठाण्यात असताना मंडळानं रविवारचं श्रमदान तिथं केलं होतं. तीच फावडी, त्याच टोपल्या, तेच अभंग. पत्रे काढून नीट एकावर एक रचून ठेवलेले. जमीन सपाट केलेली, झाडलेली, वर सडा टाकलेला, रांगोळी काढलेली. मधोमध विटांचा कट्टा बांधून त्यात तुळस लावली होती. कुणाच्या तोंडावर राग नाही. सगळ्यांना घाम आलेला, काम करून माणसाला जसं समाधान वाटतं तसं. एका बाईनं माझ्यापुढं ताटली धरली.

"घ्या जमादार, परसाद घ्या."

"हे कुणी सांगितलं करायला?"

"सांगायचं काय त्यात? अतिक्रमणच व्हतं की. आता पोरं खेळतील इथं."

मला वाटलं होतं आक्का बोंब मारेल, दगड घेईल. ती त्या ओल्या जमिनीकडं बघत उभी राहिली. मग म्हणाली, "एवढं पाणी कुठून आणलं गं?"

पाणी येऊन बरेच दिवस झाले होते. घराघरातून एकेक हंडा गोळा केला होता.

"अन् माझी भांडी?"

तिच्या शेजारणीनंच एक पोतं पुढं सरकवलं. भांडी घासून, पुसून भरली होती. आक्कानं पोत्यात हात घालून एक तांब्या काढला, उन्हात धरून बघितला आणि परत आत ठेवला.

नोकरीत मी जाळपोळ पाहिली, घरं लुटलेली पाहिली. त्यात काय करायचं ते शिकवलेलं असतं. इथं मला काही सुचेना. मी गर्दीवर नजर फिरवली. तशी सवयच असते, कोण आहे ते बघायचं, आणि कोण नाही तेही बघायचं. मंडळ सगळं होतं. बुवा नव्हते.

"बुवा कुठायत?"

"अंगात कणकण हाय त्यांच्या."

बुवा एकाही रविवारी घरी बसलेले मी पाहिले नव्हते. हाताला पट्टी बांधून ते नाल्यात उतरलेले मी पाहिले होते. आक्काला महिला शिपायापाशी ठेवून मी मंदिरात गेलो.

ते मूर्तीसमोर भिंतीला टेकून बसले होते. मी जाऊन त्यांचा हात धरला. ताप नव्हता.

"बुवा, आज सगळे होते."

"मी त्यांना जा म्हणालो नाही."

"नका जाऊ, म्हणालात का?"

संशयिताला बोलतं करायला ठाण्यात निरनिराळे मार्ग असतात. बुवांसारख्या माणसापुढं फक्त गप्प बसायचं असतं, त्यांचं त्यांनाच सहन होत नाही. शेवटी त्यांनी सदऱ्याच्या खिशात हात घातला आणि तुळशीची माळ काढून माझ्या हातावर ठेवली.

"तो आला होता त्या दिवशी. तोंडाला वास येत होता. म्हणाला, बुवा, ही तुमची तुम्हाला. माझ्यानं होत नाही. मी थांब म्हणालो, तर म्हणाला, गावाकडं जातो, मेंढरांत. मेंढरांना काही सांगावं लागत नाही."

"म्हणजे तो जिवंत आहे हे तुम्हाला पहिल्या दिवसापासून ठाऊक."

"वाटलं, आज येईल, उद्या येईल. एकादशीच्या आत आला असता तर गुपचूप परत घातली असती. जमादार, त्याच्याकडं बघून बाकीच्यांनी माळ घातली. तोच प्याला हे कळलं असतं तर एकेक जण परत घसरला असता. त्या बाया परत मार खायला लागल्या असत्या. मी घरं वाचवत होतो."

"आणि आक्काचं?"

"मी तिच्या नावानं एक शब्द बोललो नाही."

"नाही. तुम्ही बोललाच नाहीत."

त्यांनी डोळ्याला उपरणं लावलं. मला त्यांचा राग आला होता आणि कीवही येत होती. खोटं बोलणाऱ्या माणसाला पकडायचं कसं ते खात्यानं मला शिकवलं होतं. हा माणूस खोटं बोललाच नव्हता. कुणी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. कोणतं कलम लावणार?

दुसऱ्या दिवशी जीप काढली. बायकोला आणि महिला शिपायाला बरोबर घेतलं. फर्दापूरला त्याच्या चुलतभावाचा पत्ता लागला. तिथून डोंगराच्या बाजूला चालत गेलो. माळवाला, आता माळ नसलेला, घोंगडी अंगावर घेऊन मेंढरांमागं बसला होता. आम्हाला बघून पळाला नाही. बायकोला बघून मात्र त्यानं मान खाली घातली.

ती त्याच्यापासून थोडी लांब बसली. म्हणाली, "सांगून तरी जायाचं."

"काय सांगू?"

"प्यालो म्हणून सांगायचं. आधी काय सांगून प्यायचे का? प्यायचे अन् घरी यायचे. मी बघून घेत व्हते ना."

मी विचारलं, "एवढा चांगला सुटला होतास. काय झालं?"

तो मेंढरांकडं बघत बोलला. "साहेब, दर एकादशीला मला उभं करायचे. मी हिला कसं मारलं ते सांग. पोराचं दप्तर इकून कसा प्यालो ते सांग. ही समोर बसलेली. लोक रडायचे. अन् दारूचं सांगून सांगून माझ्या तोंडाला चव यायची. माईक ठेवला की आठ-आठ दिवस ती चव जायची नाय. ती जरा जाती तर पुढची एकादशी."

बायको म्हणाली, "मला वाटलं, तुम्हाला माईक आवडतो."

"मला वाटलं, तुला आवडतंय."

मी जरा बाजूला झालो. नवरा-बायकोच्या मधे पोलिसानं उभं राहू नये.

मग त्यानंच हाक मारली. "साहेब, आक्काला कुणी काय बोललं नाय ना? तिनं मला हाकललं होतं. तिच्यावर नाव नका येऊ देऊ."

त्याला मीच सांगितलं. पहिल्यांदा त्याला खरं वाटेना. मग उठला, मेंढरं चुलतभावावर सोडली आणि जीपमध्ये येऊन बसला.

वस्तीत हार घेऊन लोक उभे होते. ढोलकी पण होती. त्यानं हार घेतला नाही. सरळ त्या जागेवर गेला. तिथं उभा राहून म्हणाला, "मी सेंट्रिंगवाला हाय. दोन दिवसांत घर उभं करतो तिचं. पत्रे हायेत. कोण येतं?"

मग बुवांनी सगळ्यांसमोर माळेची गोष्ट सांगितली, काही न लपवता. कितीतरी बाया रडल्या. आपलं चुकलं, हे त्या वस्तीनं कबूल केलं. एवढं कबूल करणारी वस्ती मी दुसरी पाहिली नाही. पत्रे उचलायला माणसं पुढं आली. आणि तिथंच सगळं अडलं. खोपट होतं त्या जागेच्या बरोबर मधे तुळस होती.

ती काढायची कुणी? एक म्हणाला, तू काढ. दुसरा म्हणाला, माझ्या गळ्यात माळ आहे. शेजारीण म्हणाली, लावलेली तुळस मी उपटणार नाय, घराला लागंल. बुवांकडं सगळ्यांनी बघितलं. बुवा दोनदा पुढं गेले आणि दोनदा परत आले. कडेनं बांधावं तर नाला. सेंट्रिंगवाला फावडं घेऊन उभाच राहिला. त्याचाही हात चालेना. सांजेला कुणीतरी तिथं दिवा लावून गेलं.

आक्का तोपर्यंत पैठणला बहिणीकडं निघून गेली होती. आमच्या दप्तरात मिसिंगच्या नोंदीवर 'मिळून आला' असा शेरा पडला आणि साहेब दुसऱ्या कामाला लागले. घरी मी बायकोला सगळं सांगायचो. ती बाई शांत होती, नोकरीच्या गोष्टीत बोलायची नाही. त्या दिवशी भाकरी थापता थापता म्हणाली, "तिला जाऊन विचारलं का, तिचं काय म्हणणंय? सगळ्यांचं विचारलं तुम्ही." माझी बायको जाऊन आता दोन पावसाळे झाले. सगळ्या नोकरीत मला असं विचारणारी तीच एक होती.

सुट्टी टाकून मी पैठणला गेलो. आक्का बहिणीच्या ओट्यावर लसूण सोलत बसली होती.

"फिर्याद दे, आक्का. मी लिहून घेतो."

"कुणाच्या नावानं देऊ? सगळी चांगली माणसं. माझी भांडी घासून दिली त्यांनी. तुम्ही तरी घासून द्याल का?"

"घर पाडलं तुझं."

"व्हय." तिनं सालं ओट्याखाली झटकली. "जमादार, तुम्ही किती येळा आले धाड घेऊन. शिव्या दिल्या, डबे फोडले, दिवसभर बसवलं. पण सुटून आले की घर जागेवर असायचं. तुम्ही मला वाईट बाई म्हणून न्यायचे अन् परत सोडायचे. त्यांनी माझ्यावर हातबी नाय उचलला."

चहा पाजला तिनं. धंदा सोडला म्हणाली. परत चला, जागेचं बघू, असं मी म्हणालो, तर मान हलवली. "तुळशीवर पाय देऊन घरात जाऊ का?"

त्यानंतर मंडळ टिकलं नाही. कुणी फोडलं नाही, भांडण झालं नाही. रविवारी माणसं कमी यायला लागली, एवढंच. बुवांनी मंदिराची किल्ली दुसऱ्याकडं दिली. हंड्यांच्या रांगेत परत भांडणं सुरू झाली. नाल्यावर परत ढीग झाला. ठाण्यात परत त्याच बाया रडत यायला लागल्या आणि मी परत त्यांचे जबाब घ्यायला लागलो. सेंट्रिंगवाला मात्र घरी राहिला. कधी प्यायचा, कधी नाही. बायको म्हणायची, घरी हाय ना, बस.

लोकांना वाटतं, पोलिसाला वाईट माणसांचा अनुभव जास्त. तसा आहे. पण वाईट माणसाला आपण काय करतोय ते ठाऊक असतं, म्हणून तो इकडंतिकडं बघून करतो. त्या दिवशी त्या जागेवर कुणीच इकडंतिकडं बघितलं नव्हतं. मंडळाचं काम खोटं नव्हतं. मी त्याचा साक्षीदार आहे. तसं काम परत कुणी त्या वस्तीत केलं नाही, याचं दुःख मला आक्काच्या घराएवढंच आहे. दोन्ही गेलं, आणि एकाच दिवशी.

आता मी ज्या कॉलनीत राहतो तिथंही एक सत्संग मंडळ आहे. चांगली मुलं आहेत. बायको गेल्यापासून अधूनमधून येतात, काका, बैठकीला या, मन मोकळं करा, माईकवर दोन शब्द बोला. मी म्हणतो, बोलायला लावू नका, कामाला बोलवा. परवा आले आणि म्हणाले, या रविवारी वळणावरचा कोपरा साफ करायचाय, बाग करायचीय, तुम्ही नारळ फोडा.

"तिथं कोण असतं?" मी विचारलं.

"कुणी नाही काका. एक भंगारवाला बसतो फक्त."

"त्याला विचारलं का?"

ते एकमेकांकडं बघायला लागले. मी चपला घातल्या आणि म्हणालो, चला, आधी त्याच्याकडं जाऊन येऊ.